सोळा दातांची पाहुणी

उंदराला दात किती असतात, सांगा बरं.

बंड्या म्हणतो बत्तीस. म्हणजे यानं पुस्तकातल्या माणसाचे मोजले. याच्या स्वतःच्या तोंडात तरी अजून कुठे बत्तीस आलेत? चिमू म्हणते दोन, पुढे दिसतात तेवढे. उत्तर आहे सोळा. पुढे चार, दोन वर आणि दोन खाली, ते पटाशीचे. मागे बारा दाढा. आणि मधे काहीच नाही. सुळे नाहीत, उपदाढा नाहीत, नुसती मोकळी जागा. ती मोकळी जागा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता त्या पटाशीच्या दातांची गंमत ऐका. तुमचे दुधाचे दात पडून नवे आले की त्यांची वाढ संपली. उंदराच्या दाढांचंही तसंच. पटाशीचे दात मात्र जन्मभर वाढत राहतात. वरचे आठवड्याला दोन मिलिमीटरच्या आसपास, खालचे त्याहून थोडे अधिक. वर्षाचा हिशेब मांडला तर दहा सेंटिमीटरच्या वर जातो. या दाताला एनॅमलचा कठीण थर फक्त पुढच्या बाजूनं असतो, मागची बाजू मऊ डेंटिनची. मऊ बाजू लवकर झिजते, कठीण बाजू उशिरा, आणि धार आपोआप लागते. सुताराला त्याची पटाशी दगडावर घासत बसावं लागतं, उंदराची वापरता वापरता परजली जाते. शिवाय त्या एनॅमलमध्ये लोह मुरलेलं असतं, म्हणून उंदराचे दात पांढरे नसून नारिंगी-पिवळे दिसतात. पदार्थांचा कठीणपणा मोजायची मोहची एक मोजपट्टी आहे, एकपासून दहापर्यंत. तिच्यावर तांबं ३ च्या आसपास येतं आणि उंदराच्या दाताचं एनॅमल साडेपाचच्या. मग तांब्याची वायर त्याच्यापुढे काय टिकणार? शिशाच्या नळ्यासुद्धा त्यानं पोखरून दाखवल्यात.

"म्हणजे दात वाढतात म्हणून तो कुरतडतो," चिमू म्हणाली. "नाहीतर दात डोक्यात घुसतात. आमच्या बाईंनी सांगितलंय."

बाईंनी सांगितलेलं अर्धं खरं. ज्या उंदराचे वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, त्याचे दात खरंच वेडेवाकडे वाढतात आणि त्याला खाणं अशक्य होतं. पण दात सरळ असलेल्या उंदराला नुसता मऊ भात घातलात तरी ते मापातच राहतात, कारण रिकाम्या वेळात तो वरचे दात खालच्यांवर घासत बसतो. पाळलेला उंदीर निवांत असला की हे हमखास करतो, आणि त्या वेळी त्याचे डोळे आत-बाहेर, आत-बाहेर होतात. जबडा हलवणाऱ्या स्नायूचा एक भाग डोळ्याच्या खोबणीतून जातो. तो आवळला की डोळा ढकलला जातो. पाहिलंत तर घाबराल. उंदीर मात्र खुशीत असतो.

मग तो वायरीच्या मागे का लागतो? कारण जग चाचपायचं त्याचं हत्यार म्हणजे हे दात. वाट अडली, कातर. घरट्याला मऊ काही हवं, कातर. समोरची वस्तू काय आहे कळत नाही, कातरून बघ. वायरीशी त्याचं काही वैर नाही. ती वाटेत येते, तोंडात मावेल एवढ्या जाडीची असते, आणि दाताला छान लागते.

आता गोष्ट. पुणं, जुलैची रात्र, कॅनॉललगतची तुमच्या काकाची सोसायटी. पाऊस लागून राहिलेला. कॅनॉलच्या बांधातल्या बिळांत पाणी शिरलं आणि आपली नायिका बाहेर पडली. ही घरउंदरीण. घूस नव्हे, घूस जमीन पोखरण्यात पटाईत, पण अंगानं थोराड, चढण्यात तिचं काही खरं नसतं. आणि चिचुंद्री तर नव्हेच. चिचुंद्री उंदरांच्या कुळातलीच नाही. ती किडे खाणारी. लांबुडकं तोंड, चिक्-चिक् आवाज आणि तो वास. वायर कातरायला लागतात तसले दातच तिच्याकडे नाहीत, तरी बिचारीवर उंदरांचा आळ येतो आणि केरसुणीचा मार बसतो.

उंदरीण भिंतीच्या कडेकडेनं निघाली. मोकळ्या मैदानातून उंदीर सहसा जात नाही. अंगाला, निदान मिशांना काहीतरी लागत राहिलं पाहिजे, तेव्हाच त्याला धीर येतो. डोळे तसे अधूच, सगळी भिस्त मिशांवर. सेकंदाला आठ-दहा वेळा त्या पुढेमागे फिरतात आणि काळोखात भिंत कुठे, फट कुठे, फट किती रुंद, हे सगळं सांगतात. अशी ती पार्किंगमध्ये पोचली. तिथं खांबापाशी कुणीतरी मांजरांसाठी दूधभात ठेवला होता. मांजरं जेवून गेली होती, उरलेला भात हिनं संपवला. मांजरांना घातलेलं उंदरांना पोचतं हे सोसायटीतल्या प्राणिप्रेमींना सांगून पाहा. कोणी ऐकत नाही.

चार पावलांवर काकाची लाल गाडी. नुकतीच ऑफिसातून आलेली. चालत्या गाडीच्या इंजिनात फिरणारं पाणी नव्वद अंशांच्या आसपास तापलेलं असतं, आणि गाडी बंद केल्यावर तो धातूचा एवढा मोठा गोळा तासन्‌तास कोमट राहतो. उंदरीण चाकावर चढली, तिथून सस्पेन्शनच्या दांडीवर, दांडीवरून वर. बोनेटखाली कोरडं, अंधारं, उबदार आणि चहूबाजूंनी अंगाला टेकणारं. बोनेटच्या आतल्या बाजूला आवाज दाबण्यासाठी नमद्यासारखा जाड थर असतो, तो म्हणजे आयतं अंथरूण. तिला घाईही होती. उंदरीण जेमतेम तीन आठवडे गाभण असते. पिल्लं जन्मतात ती डोळे मिटलेली, अंगावर एक केस नसलेली, स्वतःची ऊब स्वतः धरू न शकणारी. अशा आईला पावसातल्या रात्री आणखी काय हवं असतं?

नमदा ओढून नेताना इंजिनाच्या मागच्या बाजूला वायरींचा एक जुडगा आडवा आला.

इथं जरा जवळून बघू. तिनं वरचे दोन दात वायरीवर रोवले आणि खालचा जबडा पुढे सरकवला. उंदराचा खालचा जबडा चक्क पुढेमागे सरकतो. पुढे आणला की पटाश्या एकमेकींवर येतात आणि दाढा सुटतात. मागे नेला की दाढा जुळतात आणि पटाश्या सुटतात. कातरणं आणि चावणं दोन्ही एका वेळी होतच नाही. आणि कातरताना गालांच्या आतल्या घड्या त्या मधल्या मोकळ्या जागेत शिरतात आणि घशाकडची वाट बंद करतात. कातरलेला चुरा बाहेरच पडतो.

"म्हणजे तिनं वायर खाल्लीच नाही?"

नाही खाल्ली. पोटात गेला असेल तर चुकून एखादा कण. वायरीच्या आवरणात हल्ली सोयाबीनपासून केलेला घटक असतो आणि त्याच्या चवीनं उंदीर येतात, असा एक प्रवाद आहे. अमेरिकेत तर गाडीमालक यावरून कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेले. कंपन्यांना ते मान्य नाही. मला विचाराल तर, सोयाबीनचं नाव निघण्याच्या कितीतरी आधीच्या अ‍ॅम्बेसिडर आणि फियाटच्या वायरीही उंदरांनी सोडल्या नव्हत्या, आणि टेलिफोनच्या केबलीही नाहीत. दात आणि ऊब, एवढ्यावर सगळं प्रकरण समजतं.

सकाळी काकानं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, पण थरथरायला लागली. चारातला एक सिलिंडर कामच करेना. गॅरेजवाले याला 'गाडी मिसिंग करते' म्हणतात. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. काकानं मेस्त्रीला बोलावलं.

मेस्त्रीनं आधी स्कॅनर लावला. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यातून गाडीचा कॉम्प्युटर आपली तक्रार सांगतो. दोन कोड आले. पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. आणि पी ०२०३, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तिसऱ्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये बिघाड. इथंच बरेच लोक घसरतात. कोडमध्ये इंजेक्टरचं नाव आलं की इंजेक्टर बदलतात, बिल होतं, आणि गाडी तशीच थरथरत घरी येते. कोड सर्किट म्हणतोय. सर्किट म्हणजे इंजेक्टर, त्याचा कपलर, दोन्ही वायरी आणि पलीकडचा कॉम्प्युटर, सगळे आले.

मग बोनेट उघडून टॉर्च मारला. कोपऱ्यात नमद्याच्या चिंध्या. बॅटरीच्या ट्रेवर लेंड्या, दीडएक सेंटिमीटर लांब. पिटुकल्या जातीच्या उंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याहून मोठ्या नसतात. या लांबीवरून पाहुणी मोठी होती हे कळलं. आणि इंजिनाखालच्या गार्डवर निळा-हिरवा प्लास्टिकचा चुरा. कुणी न गिळलेला, जसाच्या तसा पडलेला. मेस्त्रीनं चुऱ्याच्या बरोबर वर टॉर्च फिरवला आणि जखमी जुडगा सापडला. गरम नळीला टेकून जळलेल्या वायरीच्या कडा वितळून गोल होतात. पत्र्यावर घासून गेलेली वायर एका बाजूनं चपटी आणि चकचकीत होते. इथं तसं काही नव्हतं, जोडीजोडीनं उमटलेल्या बारीक खोबण्या होत्या. दोन दातांची सही.

पण हात घालायच्या आधी त्यानं रबरी हातमोजे चढवले, आणि हे तुम्ही मोठे झालात तरी विसरू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत याच रोगानं माणसं दगावली. जंतू हातापायावरच्या बारीक जखमेतूनही शिरतात. म्हणून ती घाण कोरडी झाडायची नाही, हवा मारून उडवायची तर नाहीच. आधी ब्लीचचं पाणी शिंपडून भिजवायची, मग पुसून घ्यायची. शिवाय मुताचा वास राहिला तर दुसऱ्या उंदराला तो निमंत्रण वाटतो.

आता मीटर. मेस्त्रीनं इंजेक्टरचा कपलर काढून त्याचा रोध मोजला: चौदा ओम, ठणठणीत. म्हणजे नवा इंजेक्टर घेतला असता तर पैसे पाण्यात. किल्ली चालू करून कपलरच्या एका पिनवर बघितलं, बारा व्होल्ट येत होते. राहिली दुसरी वायर, कॉम्प्युटरकडे जाणारी. किल्ली बंद करून तिची दोन टोकं मीटरला जोडली आणि मीटर बीप करून म्हणाला, वायर अखंड आहे.

"मग?"

मग मेस्त्रीनं बीप चालू ठेवून दुसऱ्या हातानं वायर हलवली. बीप तुटला. परत आला. परत तुटला. आतले तांब्याचे धागे तुटलेले, पण टोकाला टोक टेकून बसलेले. गाडी उभी असताना सगळं जागच्या जागी. इंजिन हादरायला लागलं की धागे सुटतात. मीटरचा बीप म्हणजे न्यायाधीशाचा निकाल नव्हे. वाटेत वीसेक ओमचा अडथळा असला तरी बरेच मीटर बीप देतात, कारण ते अगदी किंचित प्रवाह सोडून बघतात. आता हेडलाइटचा पंचावन्न वॅटचा बल्ब घ्या. तो साडेचार अँपिअर ओढतो. त्याच्या वायरीत गंज चढून नुसता एक ओम वाढला, तरी बारापैकी तीनएक व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि बल्ब मिणमिणतो. मीटर मात्र बीप देऊन मोकळा. म्हणून जुने वायरिंगवाले हातात बल्बचा टेस्ट लॅम्प ठेवतात आणि वायरीला कामाला लावून बघतात. हा व्होल्ट-अँपिअरचा हिशेब घालून देणारा गेओर्ग ओम जर्मनीतला शाळामास्तर होता. १८२७ मध्ये त्यानं पुस्तक छापलं तेव्हा त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. आज गल्लीतला प्रत्येक वायरमन त्याच्या नावानं जगतो.

दुरुस्ती सोपी दिसते, म्हणूनच लोक ती वाईट करतात. धागे पिळले, वर काळी टेप गुंडाळली, झालं. इंजिनाच्या उष्णतेनं टेपचा गोंद पाघळतो, टेप सुटते, पाणी शिरतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात तीच वायर परत. टेप मारणं ही दुरुस्ती नव्हे, तात्पुरती मलमपट्टी. रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरती.

आमच्या मेस्त्रीनं काय केलं ते सांगतो. दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली आणि चहा प्यायला गेला. आळसानं नव्हे, गाडीतल्या कॉम्प्युटरांना झोपायला आणि कपॅसिटरांना रिकामं व्हायला काही मिनिटं लागतात. परत येऊन कातरलेला भाग छाटला, आणखी थोडा छाटला, लालसर लखलखीत तांबं दिसेपर्यंत छाटत गेला. उघड्या पडलेल्या धाग्यांमधून पाणी आवरणाच्या आत सरकत जातं आणि तांबं आतल्या आत हिरवं-काळं होतं. तशा तांब्यावर केलेला जोड टिकत नाही. छाटल्यामुळे वायर आखूड पडली, तेव्हा त्याच जाडीचा आणि त्याच रंगाचा तुकडा मधे घातला. रंग महत्त्वाचा. पाच वर्षांनी दुसरा कुणी मेस्त्री नकाशात निळी वायर शोधेल आणि गाडीत त्याला पिवळी सापडेल, असं होऊ नये.

जोड करायच्या आधी त्यानं गरम केली की आवळणारी स्लीव वायरीवर चढवून ठेवली. बऱ्याच जणांना ती जोड झाल्यावर आठवते, आणि मग सगळं पुन्हा सोडावं लागतं. धागे तांब्याच्या छोट्या नळीत दोन्हीकडून घातले, दाबयंत्रानं नळी करकचून दाबली, ओढून बघितली. स्लीव जोडावर सरकवून गरम हवा दिली. ती आवळत गेली आणि आतला गोंद दोन्ही टोकांना मण्यासारखा बाहेर आला. तो बाहेर आला म्हणजे पाण्याची वाट बंद. बंड्यानं विचारलं, सोल्डर का नाही मारला? घरातल्या रेडिओत सोल्डर उत्तम. पण वितळलेला सोल्डर धाग्यांमध्ये चढत जातो, तेवढी वायर ताठ होते, आणि जिथं ताठपणा संपून लवचिकपणा सुरू होतो नेमक्या त्या रेषेवर इंजिनाच्या हादऱ्यांनी ती मोडते. जुडग्यात तीन वायरी कातरलेल्या होत्या. तिन्हींचे जोड त्यानं एकमेकांपासून पुढेमागे ठेवले, एका जागी गाठोडं होऊ दिलं नाही. वर कापडी टेप, त्यावर नागमोडी प्लास्टिकची नळी, आणि सगळं गरम नळीपासून लांब बांधून टाकलं. गाडी सुरू केली. दिवा गेला.

त्याच आठवड्यात त्याच रांगेतली आणखी एक गाडी बंद पडली. हिचं दुखणं वेगळं. समोरचे सगळे दिवे एकदम लागलेले, काटे मरून पडलेले, किल्ली फिरवली तर हूं की चूं नाही. स्कॅनरलाही उत्तर देईना. मालक म्हणाला, कॉम्प्युटर उडाला. मेस्त्री म्हणाला, बघू.

एका आधुनिक गाडीतल्या सगळ्या वायरी एकीला एक जोडल्या तर एक किलोमीटरच्या पलीकडे जातील. प्रत्येक यंत्राला प्रत्येक यंत्राशी बोलायला वेगळी वायर दिली असती तर गाडीत बसायला जागा उरली नसती. म्हणून जर्मनीतल्या बॉश कंपनीनं एक युक्ती काढली आणि १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटला ती मांडली. नाव कॅन. दोनच वायरी, एकमेकींभोवती पिळलेल्या, आणि इंजिन, ब्रेक, काटे, एअरबॅग सगळे त्यांच्यावरूनच बोलतात. पीळ कशाला? बाहेरून विजेचा गोंगाट आला तर तो दोन्ही वायरींवर सारखाच पडतो. ऐकणारा दोघींमधला फरक तेवढा ऐकतो. सारखा पडलेला गोंगाट फरकात उरतच नाही!

या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक रोधक बसवलेला असतो, टोकावर आपटून निरोप उलटा फिरू नये म्हणून. आता चिमू, १२० ओमचे दोन रोधक शेजारीशेजारी जोडले तर एकूण किती? बरोबर, ६०. मेस्त्रीनं बॅटरी सोडली, त्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवर मीटर ठेवला. बऱ्याच गाड्यांत तिथं कॅनची जोडी येते. साठ आले असते तर जोडी धडधाकट. शून्याजवळ आले असते तर दोन वायरी एकमेकींना चिकटलेल्या. आले १२०. म्हणजे एकच रोधक दिसतोय, दुसऱ्या टोकाकडे जाणारी वाट कुठेतरी तुटलीय. तासाभरात वायपरच्या खालच्या पोकळीत ती तुटलेली जागा मिळाली, खाली पुन्हा तोच चुरा. जोडताना मेस्त्रीनं पीळ होता तसाच ठेवला. कॉम्प्युटर शाबूत होता. मालकानं किमतीची चौकशी करून ठेवली होती, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

दोन रंगांच्या वायरींना मात्र मेस्त्रीसुद्धा गल्लीत हात लावत नाही. पिवळ्या नळीतल्या, त्या एअरबॅगच्या. आणि विजेवरच्या गाडीतल्या जाड नारिंगी, त्यांच्यात शेकडो व्होल्ट असतात. तिथं दातांच्या खुणा दिसल्या तर गाडी सरळ कंपनीच्या वर्कशॉपला.

"आजोबा, हे आपल्याकडेच होतं का?"

छे. १९७० च्या दशकाच्या अखेरीला स्वित्झर्लंडमध्ये गाड्यांच्या वायरी आणि नळ्या रात्रीत तुटायला लागल्या, आणि चोर निघाला स्टोन मार्टेन नावाचा मांसाहारी प्राणी, मुंगसाएवढा, झुपकेदार शेपटीचा. त्याचं कारण तर भलतंच. नर आपल्या हद्दीत गाडीखाली वास सोडून जातो. गाडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नराच्या हद्दीत उभी राहिली की तिथला नर परका वास घेऊन चवताळतो आणि रबरावर राग काढतो. जर्मनीत आता विमा कंपन्या मार्टेनच्या चाव्याचं कलमच वेगळं घालतात. तुमच्या पॉलिसीत उंदराबद्दल काय लिहिलंय ते काकाला वाचायला सांगा. आणि कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया राष्ट्रीय उद्यानात मिनरल किंग नावाची दरी आहे. तिथं मार्मट, म्हणजे खारीच्या कुळातला बोक्याएवढा प्राणी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला गाड्यांच्या नळ्या आणि वायरी कुरतडतो. लोक ताडपत्री जमिनीवर पसरतात, गाडी तिच्यावर आणतात आणि चहूबाजूंनी वर ओढून गाडी अख्खी गुंडाळून डोंगर चढायला जातात.

आता उपायांचं. ज्याला विचाराल त्याच्याकडे एक. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, मिरचीची पूड, कानाला ऐकू न येणारा आवाज काढणारी डबी. आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो की त्यानं फरक पडला. खोटं बोलत नाही तो. उंदीर नव्या वस्तूला फार बिचकतो. त्याच्या रोजच्या वाटेत काहीही नवं ठेवा, तो काही दिवस लांब राहतो. तंबाखूच्या जागी तुमची जुनी चप्पल ठेवली असती तरी राहिला असता. मग वस्तू ओळखीची होते आणि पाहुणी परत येते. आवाजाच्या डबीचंही तेच. उंदीर स्वतःच त्या उंच आवाजात बोलतात. घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू आईला त्याच पट्टीत हाक मारतं. याक पँकसेप नावाच्या शास्त्रज्ञानं उंदरांना गुदगुल्या केल्या तेव्हा ते त्याच पट्टीत चिवचिवले. तो त्याला उंदरांचं हसू म्हणायचा. त्या आवाजाची त्यांना सवय होते, आणि तो इंजिनासारख्या आडोशाच्या पलीकडे पोचतही नाही. डांबरगोळ्यांचा वास मात्र एसीतून तुमच्या नाकात येतो, तो विषारी.

मिरचीत थोडं तथ्य आहे. एका जपानी गाडी कंपनीनं तर तिखटाचा अर्क मुरवलेली टेपच काढली, वायरींवर गुंडाळायला. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, झोंबतं तो डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तो ग्राही उंदराकडे आहे, तुमच्याकडे आहे. पक्ष्यांचा ग्राही मात्र कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट लवंगी मिरची मिटक्या मारत खातो. टेप दाताला लागते तिथंच असते, उडून जात नाही, म्हणून पुडीपेक्षा बरी.

विषाला माझा साफ विरोध. रक्त गोठू न देणारं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस सुस्त होऊन फिरतो. सुस्त उंदीर गव्हाणी घुबडाला आयता सापडतो. आणि ज्या घुबडानं वर्षभर तुमचं काम फुकट केलं असतं, तेच मरतं. उंदीर स्वतः मेला तर एसीच्या नळीत मरतो, आणि मग आठवडाभर गाडीत बसून दाखवा.

तेव्हा काकाला सांगायचं ते असं. मांजरांची ताटली पार्किंगमधून हलवा आणि रात्री उरलेलं उचला. गाडीत शेंगदाणे, बिस्किटं, धान्याची पिशवी ठेवू नका. हवा आत येते ती तोंडं बारीक लोखंडी जाळीनं बंद करा; प्लास्टिकची जाळी चालणार नाही, कारण तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बोनेट उघडा, टॉर्च मारा आणि खालच्या गार्डवर चुरा दिसतो का बघा. आणि गाडीपाशी पेट्रोलचा वास आला तर किल्ली अजिबात फिरवू नका. उंदीर पेट्रोलची रबरी नळीही कातरतो. गाडी ढकलून उघड्यावर काढा आणि मेस्त्रीला तिथंच बोलवा.